विल्मकोटचं मेरी आर्डनचं घर: खरं नेमकं कुठलं?

रानजाई

मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या.

मी बर्मिंगहॅमला असते. २०१८ च्या उन्हाळ्यात आई-बाबा देवरुखहून तीन महिने आले होते. बाबा बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेत. त्यामुळे राजवाडा दाखवा नाहीतर चर्च, यांचं लक्ष पागोळ्यांचं पाणी कुठे पडतंय याच्याकडे. शेक्सपिअरच्या गावी जायचं ठरलं तेव्हा म्हणाले, "नाटकवाल्याचं घर काय बघायचं? एखाद्या शेतकऱ्याचं दाखव." म्हणून स्ट्रॅटफर्डच्या दोन स्टेशनं अलीकडे विल्मकोटला उतरलो. तिथे शेक्सपिअरच्या आईचं, मेरी आर्डनचं, माहेर जपून ठेवलंय.

घर सुरेख आहे. लाकडी सांगाडा, मधे पांढरट भिंती, पुढे अंगण, मागे गोठे, आणि एक दगडी कबुतरखाना. आई एका ठिकाणी थबकली. भिंतीचा गिलावा मुद्दाम थोडा उघडा ठेवला होता, आत काड्यांची वीण दिसत होती. तिने सरळ हात लावला आणि म्हणाली, "अगं, हा तर कूड!" तिथली बाई पटकन पुढे आली, मला वाटलं आता ओरडणार, पण ती हसली आणि आईला शेण कालवायची कृती विचारायला लागली. मी दुभाषी.

वरच्या मजल्यावर बाबांनी खिशातली पेपरमिंटची गोळी काढून फळ्यांवर ठेवली. ती घरंगळत थेट भिंतीपर्यंत गेली. "ओळंब्यात एकही गोष्ट नाही," हा शेरा.

आणि मग त्या बाईनेच सांगितलं की हे मेरीचं घर नव्हेच, हे शेजाऱ्याचं. मेरीचं घर ते पलीकडचं, विटांचं. बाबा इतके वैतागले! "मग दोनशे वर्षं लोकांना काय दाखवत होते?"

परवा त्यांना जुने फोटो पाठवले तेव्हा हाच विषय पुन्हा निघाला. आता त्यांचे प्रश्न माझ्या नावावर विचारते:

घर चुकलं कसं आणि चूक सापडली कशी? चारशे-पाचशे वर्षं लाकूड टिकलं कसं, तिथे वाळवी नाही का? चेशायरकडची अशी घरं काळी कुळकुळीत दिसतात, हे मात्र राखाडी-तपकिरी होतं, ते का? आणि ती गोळी का घरंगळली? (हा शेवटचा त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा.)

आढे_वासे

रानजाई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. गोळी ठेवून बघणारा माणूस मला आवडला. आम्ही स्टीलची गोटी ठेवतो, एवढाच फरक.

मी वॉरिकशायरमध्ये बावीस वर्षं जुन्या लाकडी घरांच्या दुरुस्तीची कामं केली. मूळ गाव संगमेश्वराजवळ, म्हणजे तुमचा शेजारीच. घर चुकलं कसं ते कागदपत्रवाल्यांनी सांगावं, मी लाकडाचं सांगतो.

आधी गोळी. ही घरं ओल्या ओकची आहेत. ओली म्हणजे तोडल्यावर काही महिन्यांतच वापरलेली. वाळलेला ओक इतका कठीण होतो की पटाशीची धार जाते, म्हणून तो हिरवा असतानाच तासायचा, खाचा पाडायच्या, आणि उभा करायचा. मग तो घरातच वाळतो. वाळताना आकसतो, पिळतो, वाकतो. म्हणजे घर उभं राहिल्यावरही पुढची कित्येक वर्षं हळूहळू हलत असतं. तुम्ही पाहिलेला वाकडेपणा बराचसा पहिल्या काही दशकांतला असणार. पुढे ते स्थिर झालं. ओळंब्यात नाही म्हणजे धोक्यात आहे असं नव्हे. नवीन भेग पडली, जुन्या भेगेची कड ताजी दिसली, तर घाबरायचं.

सांधे बघण्यासारखे असतात. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कुसू, आणि आरपार ओकचीच खुंटी. खिळा नाही. यातली गंमत अशी की खाचेतलं भोक आणि कुसवातलं भोक एका रेषेत पाडत नाहीत. मुद्दाम जरासं सरकवतात, जाड पुठ्ठ्याएवढं. मग निमुळती, वाळलेली खुंटी ठोकली की ती दोन्ही भोकं एका रेषेत यायला बघतात आणि सांधा करकचून आवळला जातो. लाकूड वाळलं तरी सांधा सुटत नाही. मी पहिल्यांदा एक जुनी खुंटी ठोकून काढली तेव्हा ती मधे नागमोडी वाकलेली निघाली. चार शतकं ती तशीच ताणाखाली बसली होती. अजून माझ्या टेबलावर आहे.

दुसरं. सगळा सांगाडा आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवा जुळवायचे, सांधे तपासायचे, परत सुटा करायचे आणि गाडीत घालून जागेवर न्यायचे. जागेवर घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना सारखी खूण कोरायचे. रोमन आकडे, पण सुतारी पद्धतीचे: चारला सरळ चार रेघा. पुस्तकातला चार उलट बाजूने वाचला तर सहा होतो, आणि उलटं लाकूड खांद्यावर घेतलेल्या माणसाला तेवढा विचार करायला वेळ नसतो. पुढच्या वेळी कुठल्याही ट्यूडर, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातल्या, घरात गेलात तर कर्ण्या (तिरपे आधार) जिथे खांबाला मिळतात तिथे टॉर्च तिरपा धरून बघा. समोरून उजेड टाकलात तर दिसणार नाही.

कुडाबद्दल आईंचं निदान शंभर टक्के बरोबर. ओकच्या उभ्या फाका, त्यांत हेझलच्या लवचिक काठ्या विणलेल्या, त्यावर माती, शेण आणि कापलेला पेंढा, वरून चुन्याचा हात. आपल्याकडे कारवी, त्यांच्याकडे हेझल. वरच्या आडव्या लाकडाच्या पोटात ओळीने भोकं असतात आणि खालच्याला लांबलचक खोबण. फाक आधी भोकात घालायची, मग खोबणीतून सरकवत जागेवर आणायची. कूड केव्हाच पडून गेला असला तरी ही भोकं राहतात, आणि त्यावरून इथे भिंत होती की दार की खिडकी हे कळतं. चौकोनी भोकं तिरपी, चौकटीला कोपरा करून असतील तर ती खिडकी. काचा नव्हेत, लाकडी गज. काच तेव्हा चैन होती. आतून फळी सरकवायची की झाली खिडकी बंद.

जोतंही पाहिलं असेल. दगडी. विल्मकोटला गावाचाच निळसर-करडा चुनखडी दगड निघतो, खाणी होत्या. लाकूड जमिनीपासून उचललं की अर्धं काम झालं. कोकणात आपण जांभ्याचं जोतं घालतो ते याच कारणाने.

वाळवी नाही. पण एक भुंगेरा आहे, डेथवॉच बीटल. तो ओक खातो, मात्र धडधाकट ओक त्याला पचत नाही, आधी ओलीने आणि बुरशीने मऊ झालेला लागतो. वसंतात तो लाकडावर डोकं आपटून जोडीदाराला बोलावतो: टक टक टक. आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवणाऱ्यांना तो आवाज यायचा, म्हणून नाव तसं पडलं. म्हणजे शत्रू भुंगेरा नाही, शत्रू पाणी. तुमच्या वडिलांचं पागोळ्यांकडे लक्ष असतं ते उगाच नाही.

काळ्या रंगाचं एका वाक्यात: तो बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकातला शौक आहे. ओक उघडा ठेवला की चंदेरी-राखाडी होतो, किंवा लाकूड आणि भिंत दोन्हीवरून एकच चुन्याचा हात फिरवत. 'ट्यूडर म्हणजे काळं-पांढरं' हे व्हिक्टोरियन लोकांनी आपल्या डोक्यात भरवलेलं आहे. मला ते अजिबात आवडत नाही, पण माझं कोण ऐकतो.

दप्तरी

आढे_वासे यांनी कागदपत्रवाल्यांना हाक मारली म्हणून आलो. मी पुण्यात बसून मोडी वाचणारा माणूस, इंग्लंड पाहिलेलं नाही. पण या घराची गोष्ट मला फार प्रिय आहे, कारण तिचा निकाल शेवटी दप्तराने लावला.

चूक सुरू झाली अठराव्या शतकाच्या अखेरीस. स्ट्रॅटफर्डला जॉन जॉर्डन नावाचा एक गाडीची चाकं करणारा सुतार होता. हौशी कवी, आणि शेक्सपिअरच्या नावाने येणाऱ्या पाहुण्यांना गावभर फिरवणारा. त्याने विल्मकोटमधल्या एका देखण्या घराकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, हेच मेरीचं माहेर. पुरावा शून्य. पण घर दिसायला इतकं शोभत होतं की कोणी शंकाच घेतली नाही. १९३० मध्ये शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने ते विकत घेतलं, डागडुजी केली, लोकांसाठी खुलं केलं.

शेजारी ग्लीब फार्म नावाचं दुसरं शेतघर होतं. बाहेरून विटांचं, बघायला सामान्य. ट्रस्टने १९६८ मध्ये ते घेतलं ते मुख्य घराच्या आजूबाजूला भलतंसलतं काही बांधलं जाऊ नये म्हणून. आता गंमत बघा. २००० मध्ये नॅट अल्कॉक या अभ्यासकाने जुन्या जमिनीच्या कागदांचा माग काढला, कुठली जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते जुळवत नेलं, आणि आर्डनची जमीन येऊन थांबली ती ग्लीब फार्मवर. देखणं घर निघालं अॅडम पामरचं. म्हणून आता त्याला पामर्स फार्म म्हणतात.

मग लाकडाची साक्ष काढली. विटांच्या आत जुना ओकचा सांगाडा शाबूत होता. त्याला बारीक गिरमिट लावून पेन्सिलीएवढी कांडी काढतात, तिच्यातली वर्षवलयं मोजतात. ओल्या वर्षी वलय जाड, कोरड्या वर्षी बारीक. ही जाड-बारीक ओळ त्या भागातल्या माहीत असलेल्या ओळीशी जुळवली की झाड कधी तोडलं ते कळतं. सालीलगतचं शेवटचं वलय शिल्लक असेल तर नेमकं वर्ष. इथे आलं १५१४. आणि आढे_वासे यांनी सांगितलंच की ओक ओलाच वापरत, म्हणजे घरही तेव्हाचंच. मेरीचे वडील रॉबर्ट आर्डन यांच्या काळाशी बरोबर बसतं.

थोडक्यात, खरं घर ट्रस्टच्या ताब्यात ३२ वर्षं होतं, चुकीच्या घराचा शेजार म्हणून.

आता माझा लाडका भाग, रॉबर्टचं मृत्युपत्र. २४ नोव्हेंबर १५५६. आठ मुली, मुलगा नाही, दुसरी बायको अ‍ॅग्नेस. सर्वांत धाकट्या मेरीला दिली विल्मकोटमधली अॅस्बीज नावाची जमीन, उभ्या पिकासकट, आणि ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. अ‍ॅग्नेसलाही रक्कम तेवढीच, पण अट घालून: माझी मुलगी अ‍ॅलिस हिला विल्मकोटच्या कूळजमिनीतला अर्धा वाटा सुखाने उपभोगू देशील तर, नाहीतर तुला निम्मेच पैसे. मरणाऱ्या माणसाला आपल्या पाठीमागे त्या घरात काय होणार याची पक्की कल्पना होती. मृत्युपत्र अमलात आणायची जबाबदारी त्याने बायकोवर टाकलीच नाही, अ‍ॅलिस आणि मेरी या दोघींवर टाकली. आणि देखरेखीसाठी नेमलेल्यांत एक नाव अॅडम पामर. तोच शेजारी, ज्याचं घर पुढे दोनशे वर्षं मेरीच्या नावाने मिरवलं.

त्याच वर्षी घरातल्या वस्तूंची यादी झाली. एकूण किंमत ७७ पौंड ११ शिलिंग १० पेन्स. आठ बैल, गाई, वासरं, मधमाश्या, कोठारातला गहू. भिंतींवर टांगायची रंगवलेली कापडं एकामागून एक, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. आणि छताला टांगलेलं बेकनसुद्धा यादीत आहे. हे वाचून मला वाटतं, तेव्हा मधल्या दालनात चूल उघडी असावी आणि धूर वर जात असावा. आढे_वासे, बरोबर आहे का?

आढे_वासे

तर्क पटण्यासारखा आहे, पण नुसत्या बेकनवरून निकाल देऊ नका. ते धुराड्याच्या जवळ टांगलेलंही असू शकतं. धूर शोधायचा तो वाशांवर.

जुनी पद्धत अशी: मधलं मोठं दालन थेट आढ्यापर्यंत मोकळं, माळा नाही. जमिनीच्या मध्यावर विस्तव. धूर वर जाऊन कौलांच्या फटींतून बाहेर. अशा घरात माळ्यावर चढलात की वाशांवर काजळीचा चकचकीत थर सापडतो. बोट फिरवलं तर ते काळं होत नाही, इतका तो लाकडात मुरलेला असतो. पुढे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी विटांची धुराडी घातली, धूर एका नळीत गेला, आणि मोकळ्या झालेल्या उंचीत माळा टाकून वर झोपायच्या खोल्या केल्या. एसेक्समधला विल्यम हॅरिसन नावाचा पाद्री १५७७ मध्ये लिहून गेलाय की गावातले म्हातारे तीन गोष्टींचं नवल करतात: धुराडी किती वाढली, बिछाने किती मऊ झाले, आणि लाकडी ताटांच्या जागी कथलाची भांडी आली. धुराड्यांचं कौतुक त्या म्हाताऱ्यांना फारसं नव्हतं. धुराने घर टणक होतं आणि माणूसही, असं त्यांचं मत. आमची आजी चुलीच्या धुराबद्दल हेच म्हणायची, वर खोकायची.

म्हणून कुठल्याही ट्यूडर शेतघरात गेल्यावर मी आधी माळ्यावर जातो. खाली सगळं सजवलेलं असतं, वर कोणी साफसफाई करत नाही.

आणि दप्तरी, तुम्हाला आवडेल म्हणून: या घरांचं मापही तिकडे खणातच सांगतात. दोन खांबांच्या जोड्यांमधली जागा म्हणजे एक खण. 'तीन खणी घर, दोन खणी कोठार' असं त्यांच्या कागदांत येतं. आपला पाच खणी सोपा तसाच.

पावसाळी_मँचेस्टर

चर्चा छान चाललीय, एक खडा टाकते. विल्मकोटची दोन्ही घरं सुखवस्तू शेतकऱ्यांची, मॅनर नव्हेत. मॅनर म्हणजे गावच्या जमीनदाराचा वाडा, जिथे त्याची कचेरी भरायची आणि कुळांच्या नोंदी व्हायच्या. आर्डन हा विल्मकोटच्या मॅनरचा कूळ. मग कबुतरखान्याचं काय, हा प्रश्न मला पडतो, कारण कबुतरं पाळायचा हक्क तेव्हा जमीनदार आणि पाद्र्यांकडे असायचा. पामरच्या आवारातल्या कबुतरखान्यात सहाशेहून जास्त खोपे आहेत म्हणतात. इतकी कबुतरं, आणि दाणे टिपायला शेतं गावातल्या गरिबांची!

खरं मॅनर आणि पुढे शेतघर झालेलं बघायचं असेल तर रानजाई, चेशायरचं लिटल मोरटन हॉल बघा. तुमच्या बाबांना चक्कर येईल. चहूबाजूंनी खंदक, आणि वर अख्खं घर पत्त्यांच्या बंगल्यासारखं कललेलं. खालचे मजले आधी बांधून झाले आणि मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की सर्वांत वर लांबच लांब दालन हवं, पावसात येरझाऱ्या घालायला. वर छपराला वाळूच्या दगडाच्या जाड फरशा. ते वजन खालच्या लाकडांनी कसंबसं पेललंय. वर चालताना समुद्रात असल्यासारखं वाटतं.

आवारातल्या खिडकीवर सुताराने नाव कोरलंय. मालक विल्यम मोरटन, साल १५५९, आणि शेजारी आपलं: रिचर्ड डेल, 'कार्पेडर'. कार्पेंटर लिहिताना चुकला की तसंच म्हणायचे, कोण जाणे. मालकाच्या बरोबरीने सुताराचं नाव मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आणि ते टिकलं कशामुळे? कडकीमुळे! मोरटन मंडळी यादवी युद्धात राजाच्या बाजूने होती, संसदवाल्यांनी मालमत्ता ताब्यात घेतली, कर्ज झालं. मग घर भाड्याने शेतकऱ्यांना दिलं. नवीन फॅशनचा दर्शनी भाग बसवायला पैसेच नव्हते. एकोणिसाव्या शतकात तर प्रार्थनागृहात कोळसा भरून ठेवत. पुढे एलिझाबेथ मोरटन या शेवटच्या वारसदार, स्वतः जोगीण, त्यांनी ते प्रार्थनागृह पुन्हा नीट केलं. घर एका चुलतभावाला देताना अट घातली की विकायचं नाही. १९३८ मध्ये ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे गेलं.

(हो, काळं-पांढरंच आहे. आढे_वासे काकांनी डोळे मिटून घ्यावेत.)

आढे_वासे

डोळे मिटून तीनदा गेलोय तिथे.

कडकीचा मुद्दा मात्र अगदी खरा. माझ्या कामात मी उलटा अनुभव जास्त घेतला. पैसा आला की घर जातं. एका शेतघराच्या मालकाने मी जायच्या आधी सगळा जुना गिलावा काढून सिमेंटचा करून घेतला होता. स्वच्छ, गुळगुळीत, मालक खूश. सहा वर्षांनी मला बोलावलं कारण आत वास येत होता. सिमेंटला केसासारखी चीर पडते, तिथून पाऊस आत जातो आणि परत बाहेर यायला वाट नाही. चुना आणि माती ओली होते तशी सुकते, श्वास घेते. सिमेंट घेत नाही. मी कोपऱ्यातला गिलावा फोडला आणि पायाची तुळई हाताने उचलून बाहेर काढली. साडेतीनशे वर्षांचा ओक, भिजलेल्या केकसारखा. सहा वर्षांत.

तुम्ही राहता तिथून जवळ सांगायचं तर यार्डलीचं ब्लेकस्ली हॉल आहे, बर्मिंगहॅममध्येच. रिचर्ड स्मॉलब्रोक नावाच्या माणसाने १५९० मध्ये बांधलं, पुढे बराच काळ शेतघर होतं, १९३५ पासून संग्रहालय. १९४० च्या बॉम्बवर्षावात त्याचं नुकसान झालं, नंतर दुरुस्त केलं. वर एका खोलीत भिंतीवरची मूळची रंगीत नक्षी आहे, ती कैक वर्षं झाकलेली होती. बाबा पुन्हा आले की तिथे न्या. गोळी बरोबर असू द्या.

रानजाई

अरे बापरे, एवढं सगळं! सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवले. दीड तास.

अ‍ॅग्नेसच्या अटीवर आई म्हणाली, "बरोब्बर केलं त्याने." कोणाची बाजू घेतली ते काही सांगितलं नाही.

आता खरं कारण सांगते. देवरुखच्या घरात माजघर आणि बाळंतिणीची खोली यांच्यामधली भिंत अजून कुडाची आहे, कारवीची. दादाला ती पाडून विटांची करायची आहे, आणि मागच्या बाजूची सिमेंटने गिलावा करून घ्यायची आहे. ठेकेदार येऊन मापंसुद्धा घेऊन गेलाय. बाबा गप्प होते, कारण आयुष्यभर सरकारी कामात सिमेंटच वापरलं. आढे_वासे काकांचा तो भिजलेल्या केकचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला, दुसऱ्यांदा स्पीकर लावून, दादा जेवत असताना.

मागच्या भिंतीला पावसाची झड लागते. तिथे चुन्याचा गिलावा चालेल का, आणि आता चुना कालवणारा गवंडी मिळतो का हो कुठे?

आढे_वासे

चालेल. पण आधी ती भिंत का भिजते ते बघा. पत्र्याचा ओघ कुठे पडतो? पागोळी भिंतीपासून दोन हात लांब पडायला हवी. पडवीचं छप्पर हातभर पुढे काढलंत तर कदाचित गिलाव्याला हात लावावाच लागणार नाही. आतल्या कुडाला तर अजिबात काही करू नका, सारवत राहा. चुना घरी मुरवून निदान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवायचा, पिशवीतली भुकटी थेट वापरायची नाही. गवंडी मात्र जुन्या देवळांची कामं करणाऱ्यांकडे विचारा, साखरपा-संगमेश्वर पट्ट्यात मिळेल.

आणि बाबांना माळ्यावर चढता येत असेल तर तुळई खांबाला मिळते तिथे टॉर्च तिरपा धरून बघायला सांगा. आपल्याकडचे सुतारही खुणा करत.

रानजाई

बाबा चढले. वय वर्षं ७८, खालून आई ओरडतेय, शिडी दादाने धरलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आलाय. तुळईच्या पोटाला पटाशीने मारलेल्या रेघा आहेत, खांबावर तशाच. तीन आहेत की चार ते कळत नाही, फोटो हललाय. बाबा म्हणतात चार. दादा म्हणतो तीन आणि एक चीर. उद्या सकाळी पुन्हा चढणार आहेत.